निकाल कवेलूच्या आत

रहमानभाईंच्या दुकानामागच्या वाडीत मिरचीचं रोप कधी धड वाढलं नाही. वाढणार कुठून? तिथं जागोजागी चपला, चहाचे कप, कॅरीबॅगा आणि सीटकव्हरचे तुकडे पेरलेले. "लोकं वाडीत वांगे लावते, आमच्या घरी जुन्या चपला लावते," असं त्यांची बायको, म्हणजे आमची भाभी, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सांगताना कपाळावर हात मारून घ्यायची, पण पावसाळ्यात त्या चपलांवर माजलेलं गवत तीच काढायची.

मोहर्लीला जंगलाच्या गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं नाश्त्याचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बाकं, एक भट्टी आणि मी. माझे तर्री-पोहे खाल्ल्याशिवाय वाघ दिसत नाही, असं मी पर्यटकांना बिनदिक्कत सांगते, आणि नाही दिसला तर ते परत येताना मागच्या बाजूला भांडी घासायला जाते. माझ्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे, रहमानभाईंचं शिलाईचं दुकान होतं. जिप्सीची सीटकव्हरं, ताडपत्रीचे टप, बॅगांच्या चेन, छत्र्या, सगळं ते शिवायचे. चष्म्याची एक काडी तुटलेली होती, तिच्या जागी नायलॉनचा दोरा कानाला गुंडाळलेला. नवीन काडी काऊन लावत नाही असं विचारलं की म्हणायचे, "हा दोरा माह्या मांगून शंभर वर्ष टिकन. काडीचा काय भरोसा?"

त्यांना वाचायची भारी खोड होती. पेपर नाही, पुस्तक नाही, वस्तूंच्या अंगावर लिहिलेलं. बिस्किटाचा पुडा फोडायच्या आधी तो चारी बाजूंनी वाचायचे. साबण वाचायचे, झाडूवरचं लेबल वाचायचे. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण कोरपन्याला दिलेल्या लेकीनं फोनवर एकेक इंग्रजी शब्द फोडून सांगितला होता. 'रिसायकल', 'कंपोष्टेबल', 'बायोडिग्रेडेबल' हे शब्द ते असे म्हणायचे की जणू जवळच्या नातेवाइकांची नावं. आणि सगळं वाचून झालं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं.

"हे तं त्यानं सांगतलं. आता मातीले विचारून पाहू."

पावसाळ्यात जंगलाचं गेट बंद झालं की आम्हा सगळ्यांना रिकामपण. ड्रायव्हर धानाच्या रोवण्याला जात, मी भट्टी लिंपून ठेवी, आणि रहमानभाई कुदळ घेऊन वाडीत उतरत. वर्षभर जमवलेल्या वस्तू एकेक करून वीतभर खोल पुरायचे. प्रत्येकीवर एक कवेलू पालथं घालायचे. घरावरची कवेलू काढून टिनं टाकली, तेव्हाचा ढीग त्यांनी फेकला नव्हता. कवेलूच्या पाठीवर पांढऱ्या पेंटनं वस्तूचं नाव आणि पुरल्याची तारीख. मग तीन महिने कोणी हात लावायचा नाही. गेट उघडलं की उकरायचं, पाहायचं, आणि निकाल कवेलूच्या आतल्या बाजूला लिहायचा. पास नाही तर नापास. उकरायच्या आधी निकालाविषयी चकार शब्द नाही. एकदा एका ड्रायव्हरनं सुतळीबद्दल म्हटलं, "हे तं पासच हाये ना, रहमानभाई, लिहून टाका." तर ते असे चिडले की त्याचं सीटकव्हर दोन दिवस हातात घेतलं नाही.

"पेपर तपासल्याशिवाय मार्क देते का कोनी?"

त्यांच्या शिकवण्याला मास्तरकीचा वास नव्हता, तेवढं बरं होतं. पाण्याच्या बाटलीच्या बुडाशी तीन बाणांचा त्रिकोण असतो, आत एक आकडा. ड्रायव्हर पोरं समजत की हा त्रिकोण असला म्हणजे बाटली चांगली, जंगलात टाकली तरी चालते. रहमानभाईंनी एकाला समोर बसवून विचारलं, "तुह्यं आडनाव काय?"

"मेश्राम."

"आडनावावरून कळते का, तू चांगला हायेस का वांड हायेस?"

"नाई कळत."

"मंग हा आकडा म्हंजे बाटलीचं आडनाव हाये. प्लॅस्टिकची जात कोनती, तेवढं सांगते. ते कोनी गोळा करून वितळवलं तं पुढं कामात येते. तू नाल्यात फेकलं तं आडनाव घेऊन नाल्यातच पडून राह्यते." मेश्राम आजही बाटली हातात आली की बूड पाहतो, आणि पर्यटकांना आडनाव सांगतो. त्यांना काही समजत नाही, पण वाघ नसला दिसला तर तेवढीच करमणूक.

एकदा पुण्याकडच्या एक बाई खांद्याची पिशवी घेऊन आल्या. पट्टा उसवला होता. पिशवीवर हिरवं पान छापलेलं आणि खाली, शुद्ध सुती, निसर्गात विरघळणारी. रहमानभाईंनी ते वाचलं, मग वाचलेलं बोटानं चाचपलं. एक धागा ओढला, बाईंना विचारलं, "जाळू का जी?" त्या घाबरल्या, त्यांना वाटलं पिशवीच जाळतात की काय. धाग्याला काडी लावली तर तो आकसला आणि टोकाशी काळा टणक मणी झाला.

"सुताची राख होते, बाई. कागद जळल्यावानी वास येते. ह्याचा मनी झाला. हे प्लॅस्टिकचं सूत हाये."

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी ती पिशवी मोठ्या श्रद्धेनं घेतली होती. रहमानभाईंनी पट्टा दुहेरी टाक्यानं शिवला, मग कात्रीनं ते हिरव्या पानाचं लेबल अलगद कापून त्यांच्या हातावर ठेवलं. "पिशवी वाईट नाई. मजबूत हाये, दहा वर्ष वापरा. फक्त हे जे लिहिलं, ते वापरू नका." बाई जोरात हसल्या. त्यानंतर दोन वेळा त्या मोहर्लीला आल्या, दोन्ही वेळा तीच पिशवी.

माझ्या हॉटेलातला कागदी कपही त्यांनी पुरला होता. मी म्हटलं होतं, कागद तो, पहिल्याच पावसात जाईल. गेट उघडल्यावर उकरला, तर कागद गेलेला, आणि आतलं पातळ अस्तर कपाच्या आकारात तसंच उभं. मातीनं नुसतं धुऊन ठेवल्यासारखं. नापास. मी त्याच आठवड्यात काचेचे ग्लास आणले आणि सगळ्या गावाला मोठ्या ऐटीत सांगत सुटले की मी आता कागदी कप ठेवत नाही. ही ऐट पुढं मला चांगलीच महागात पडली.

कारण त्याच हिवाळ्यात आमच्या बचतगटाला द्रोणाचं मशीन मिळालं. अकरा जणी आम्ही. उन्हाळ्यात पळसाची आणि मोहाची पानं तोडायची, वाळवायची, मशीनच्या गरम साच्यात दाबून द्रोण काढायचे. पण पळसाचा द्रोण कोरड्या भेळीला ठीक, माझी तर्री त्यात टिकेना. एका पर्यटकाच्या पांढऱ्या पँटीवर लाल ओघळ गेला आणि त्यानं अर्धा तास मला मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत ऐकवलं. मग माझ्या डोक्यात आलं, की दोन पानांच्या मध्ये प्लॅस्टिकची पातळ पन्नी घालावी. कोणाला दिसतही नाही, गळतही नाही. गटातल्या एकीनं विचारलं, "बाई, त्या कपासारखं तं नाई होनार?" मी म्हटलं, "छट्! ही तं त्याहून पातळ हाये, विरून जाईल." खरं सांगते, मला तसंच वाटत होतं. वाटून घेतलं होतं म्हणा.

वरून मी चंद्रपूरहून रबरी शिक्का बनवून आणला. हिरवं पान, भोवती गोल, पूर्ण नैसर्गिक. गठ्ठ्यावर तो ठोकताना काय आनंद व्हायचा! रहमानभाईंनी एक गठ्ठा हातात घेऊन वाचला. "हा शिक्का कोनं देल्ला, बाई?"

"कोन देईन? आमीच बनवला."

"हाव? सोताच परीक्षा देल्ली, सोताच पास झाल्या." आणि हसत हसत त्यातला एक द्रोण खिशात टाकला. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. झाले नाही.

उन्हाळ्यात गेटवरच्या वनखात्याच्या साहेबांनी सांगितलं की पुढच्या हंगामापासून गेटवरच्या सगळ्या टपऱ्यांनी आणि सफारीच्या नाश्त्याला एकाच जातीच्या द्रोण-पत्रावळी वापरायच्या, जंगलात राहिल्या तरी मातीत जाणाऱ्या. दोन जण पुढं आले. नागपूरचा एक व्यापारी, त्याच्या गुळगुळीत पांढऱ्या वाट्या मक्यापासून बनवलेल्या आणि त्यांवर झकास हिरवा शिक्का. आणि आम्ही अकरा जणी. हे काम मिळालं तर आमचं मशीन वर्षभर चाललं असतं. नाही तर ते मंदिराच्या ओसरीत झाकून ठेवायचं. साहेब हुशार. ते म्हणाले, "शिक्के दोघांचेही हिरवे आहेत. रहमानभाईंच्या वाडीत पुरा." गेट बंद झाल्या दिवशी दोन्ही वस्तू शेजारी शेजारी पुरल्या. आमच्या कवेलूवर लिहिलं, गटाचा द्रोण. मी त्यावर हळूच हळद-कुंकू वाहिलं. रहमानभाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

गेट उघडलं त्या दिवशी वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. ड्रायव्हर, गाईड, साहेब, व्यापाऱ्याचा माणूस, आम्ही सगळ्या नवी लुगडी नेसून. आधी पांढरी वाटी उकरली. माती झटकली, तर आत्ता दुकानातून आणल्यासारखी. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. व्यापाऱ्याचा माणूस लाल झाला. पण रहमानभाईंनी हात वर केला. चष्म्यासमोर वाटीचं बूड धरून ते म्हणाले, "हा मानूस खोटा नाई. त्यानं बारीक अक्षरात लिहिलं हाये, कारखान्याच्या गरम खतभट्टीत विरघळते म्हनून. ते भट्टी मोहर्लीत कुठी हाये? वस्तू बराबर, जागा चुकली. इथी नापास." त्या माणसानं चक्क त्यांना नमस्कार केला.

मग आमचं कवेलू उचललं. काळीभोर माती, पानाचा मागमूस नाही. आमच्या बायांनी आरडाओरडा सुरू केला, एकीनं तर माझ्या गळ्यात हार टाकला. रहमानभाईंचं बोट अजून मातीत होतं. ते थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समोर मीच उभी होते, आणि त्या पाहण्यात एक क्षण असा होता की त्यांना वाटलं असतं तर मूठ मिटून कुदळ उचलली असती. कोणाला कळलंही नसतं. त्यांनी मूठ मिटली नाही. मातीतून ती पन्नी ओढून काढली, भाभीच्या हातातल्या मगात धुतली आणि उन्हात धरली. अख्ख्या द्रोणाच्या आकाराची, काठाच्या चुण्यांसकट.

"द्रोन गेला," ते हळू म्हणाले. "त्याचं भूत राह्यलं. नापास."

गळ्यातला हार मला काढताही येईना आणि ठेवताही येईना. मी म्हटलं, "पन्नी माह्या डोक्यातली हाये, साहेब. ह्या बायांचा दोष नाई." साहेबांनी दोघांचेही अर्ज परत दिले. पुढच्या वर्षी गेट उघडेपर्यंत सगळ्यांनी स्टीलच्या वाट्या घासायच्या, मग पाहू. आमचं मशीन ओसरीत गेलं.

लाज मला वाटायला हवी होती, आली मात्र चीड, आणि तीही रहमानभाईंची. समोरासमोर दुकान, सकाळ-संध्याकाळ माझाच चहा पिणारा माणूस, आणि एक मूठ मिटता येत नाही त्याला? सात दिवस मी त्यांना चहा पाठवला नाही. त्यांनी मागितलाही नाही. सकाळी मशीनवर बसत आणि रिकाम्या ग्लासाकडे बघून पुन्हा टाका घालत. भाभी मला येऊन सांगून गेली, "जेवनात बी ध्यान नाई त्याईचं. काहीतरी कातरत बसते पानं."

आठव्या दिवशी ते स्वतः रस्ता ओलांडून आले. हातात मोहाची पानं आणि बांबूच्या काड्या. बाकावर बसले, म्हणाले, "बाई, जिप्सीचा टप पावसात काऊन गळत नाई, सांगा बरं?"

मी तोंड फिरवून पोहे परतत होते. "मले काय मालूम?"

"टाका पान्याच्या वाटेवर येऊच देत नाई मी. शिलाई उंच घेतो. तुमच्या मशीनच्या द्रोनाचं पान दाबताना बुडाशी चिरते, मंग रस्सा तिथूनच गळनार. आता पाहा." त्यांनी दोन पानं एकमेकांवर आडवी-उभी ठेवली, वरचं मोहाचं, खालचं पळसाचं. कोपरे कापले नाहीत, नुसते वर वळवून घड्या घातल्या, आणि काडी टोचली ती काठाच्या अगदी वरती. खाली एकही भोक नाही. "घाला तर्री."

मी रागात काठोकाठ घातली. द्रोण त्यांच्या मांडीवर होता. मी एक घाणा पोह्यांचा उतरवला, दोन गिऱ्हाइकांना वाढलं, परत येऊन पाहिलं. त्यांच्या पायजम्यावर एकच लाल ठिपका.

"एक थेंब चालते," ते म्हणाले, आणि मला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी त्यांना चहा दिला तो सात दिवसांचा मिळून, ग्लासावर ग्लास. "अहो, बस करा," म्हणेपर्यंत दिला.

मग आम्ही अकरा जणी त्यांच्या दुकानात शिकायला बसलो. शिंप्याकडून द्रोण शिकणाऱ्या आम्हीच पहिल्या असू. माझ्या आजीला काडी कशी टोचायची ते ठाऊक होतं, आम्ही मशीन आलं तशा विसरलो होतो. रहमानभाई कापडाच्या भाषेत शिकवायचे. "चून सोडा थोडी. कॉलर वानी वळवा. हां, आता कसा फिटिंगले बसला!" मशीन आम्ही पत्रावळी दाबायला ठेवलं, बिनपन्नीच्या. तो रबरी शिक्का मी चुलीत टाकायला निघाले, तर त्यांनी हातातून घेतला. "जाळू नका, घान धूर होते." नंतर तो त्यांनी पुरला. नापास झाला, हे सांगायला नकोच.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची दृष्टी फारच अधू झाली. सुईत दोरा ओवायला भाभी लागायची. लेक कोरपन्याहून आली आणि दोघांनाही घेऊन जाते म्हणाली. गेट बंद झालं त्या दिवशी त्यांनी आमचा नवा द्रोण पुरला, स्वतःच्या हातानं, आणि कवेलू पालथं घातलं. पाठीवर नाव आणि तारीख, अक्षरं वाकडी. कुदळ माझ्या हातात दिली. "गेट उघडल्यावर तुमीच उकरा. आधी पाहू नका."

"आता नाई पाहत जी. शिकली मी."

एसटी सुटताना खिडकीत बसून ते लेकीनं आणलेल्या वेफरच्या पुड्याची मागची बाजू डोळ्याला चिकटवून वाचत होते. मी हात हलवत होते, त्यांचं लक्षच नव्हतं. भाभीनं कोपर मारलं तेव्हा त्यांनी मान वर केली आणि पुडाच हलवला.

तीन महिने मी त्या कवेलूजवळून जाताना मान दुसरीकडे करत होते. गेट उघडलं. पुन्हा साहेब, पुन्हा गर्दी, फक्त रहमानभाई नाहीत. कवेलू तसंच पालथं बाजूला सरकवून कुदळ मीच घेतली. माती भुसभुशीत, त्यात गांडुळं. मी बोटांनी शोधलं, मग दोन्ही हातांनी शोधलं. पन्नी नाही, पान नाही. बांबूच्या दोन काड्या सापडल्या, बोटात धरल्या तर भुगा झाल्या. साहेबांनी स्वतः वाकून माती चाळली आणि म्हणाले, "झालं की, बाई! उद्यापासून द्रोण द्यायला लागा." वाडीत जो गलका झाला तो गेटपर्यंत ऐकू गेला असेल. बाया नाचल्या. मीही नाचले, ह्या वयात, गुडघे दुखेपर्यंत.

सगळे पांगल्यावर निकाल लिहायला म्हणून मी कवेलू उलटं केलं. आतल्या बाजूला आधीच पांढऱ्या पेंटनं वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं, पास. खाली तारीख, पुरल्या दिवसाची.

मी तिथंच मातीत बसले. सुतळीला आधी मार्क न देणारा माणूस! मी रडले, खूप रडले, आणि मग ते कवेलू पदराखाली घेऊन घरी आले. कोणालाच दाखवलं नाही.

आठवड्यानं एसटीनं कोरपन्याला गेले. सोबत पंचवीस द्रोण, डब्यात तर्री, आणि पिशवीत ते कवेलू. लेकीच्या घरामागं कापसाच्या पऱ्हाट्यांची रास, तिच्या बाजूला रहमानभाई खाटेवर. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, कानाला तोच नायलॉनचा दोरा. खाटेसमोर जमिनीत पालथ्या कवेलूंची नवी रांग. सिमेंटच्या पोत्याचा तुकडा, खताच्या थैलीचा तुकडा, नातीची तुटलेली बांगडी. मी आमचं कवेलू त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी बोटं फिरवून ओळखलं, मग काळा चष्मा वर करून आजूबाजूला पाहिलं.

"हे कोनाले दाखवलं तं नाई ना, बाई?"

"नाई."

"बरं केलं," ते म्हणाले आणि कवेलू पटकन उशाखाली सरकवलं. "लोकाइले वाटन, रहमानच्या वाडीत बी वशिला चालते."